फाउंड्रीच्या वाटणीचा गडी

त्या कंपनीच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या खात्यात, माणसं दोन गोष्टींवर दिवस काढायची. एक सकाळचा चहा आणि दुसरी एकोणसत्तर सालची चूक. चहा गार झाला तर कॅन्टीनचा साहेबराव शिव्या देत का होईना, पुन्हा गरम करून द्यायचा. चूक मात्र कधी गार होतच नव्हती.

त्या चुकीचं नाव होतं हिंदुराव. आणि गंमत म्हणजे हा हिंदुराव रोज त्याच घोळक्यात, हातात कप घेऊन, स्वतःवरची चर्चा ऐकत उभा असायचा. बसायचा नाही. बाकीचे बाकावर, पायरीवर, पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या डब्यावर बसलेले असायचे आणि हा इकडून तिकडे फेऱ्या मारायचा.

"बूड टेकव की रं," मुकादम उद्धवराव म्हणायचे. "तुझ्याकडं बघून माझा चहा ढवळून निघतोय."

प्रकरण असं होतं. चिंचवडच्या त्या कंपनीत दर वर्षी पाऊस ओसरला की शिकाऊ पोरांची एक तुकडी शिकून तयार व्हायची. खाती पाच. पोरांना कॅन्टीनसमोर ओळीनं उभं करायचे आणि पाच खात्यांचे मुकादम पाळीपाळीनं एकेक पोरगा उचलायचे. याला सगळे 'वाटणी' म्हणत. पहिलं बोट ठेवण्याचा मान फिरता होता, पाच वर्षांनी एकदा यायचा. शेवटी जे उरतील त्यांना शिकल्याचा दाखला देऊन गावी धाडायचे. साहेब लोकांना वाटायचं, मुकादम पोरांचा हात बघतात, काम बघतात. मुकादम बघायचे मांड्या. कारण सव्वीस जानेवारीला कॅन्टीनमागच्या मैदानावर खात्याखात्यांची कबड्डी असायची आणि जिंकल्याची ढाल ज्या खात्यात असेल त्या खात्याचा मुकादम वर्षभर छाती काढून चालायचा.

एकोणसत्तर साली पहिला मान फाउंड्रीचा होता. ओळीत दोन नामी चढाईवाले होते. एक खटाव तालुक्यातला, भरल्या अंगाचा हिंदुराव. दुसरा सदाशिव, असा काटकुळा की वारा आला तर धरून ठेवावा. उद्धवरावांनी हिंदुरावच्या खांद्यावर हात ठेवला. मशीन शॉपनं उरलेला सदाशिव हसत हसत घेतला. पहिल्या वर्षी हिंदुरावनं एकट्याच्या जिवावर फाउंड्रीला फायनलपर्यंत नेलं. दुसऱ्या वर्षी भर चढाईत त्याचा दम तुटायला लागला. तिसऱ्या वर्षी तो संघाबाहेर, पाण्याची बादली सांभाळायला. आणि सदाशिव? तो दर वर्षी ढाल उचलत राहिला, मेला म्हातारासुद्धा होईना.

चौऱ्याहत्तरला पुन्हा मान आला. उद्धवरावांनी रंगरावला उचललं. पहिलं वर्ष वाघ, दुसरं वर्ष मांजर. मधल्या वर्षांत तिसऱ्या-चौथ्या हातात मिळालेले गडीही त्याच वाटेनं गेले. फाउंड्रीचं नशीबच फुटकं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. वाद फक्त कारणाचा.

"हिंदुरावचं लगीन झालं अन् दम गेला," असं एक जण म्हणायचा.

"अन् रंगरावचं? त्याला तर अजून कुणी पोरगी दिली न्हाई."

"म्हनूनच गेला!"

कुणी म्हणे खात्याचं दार दक्षिणेला आहे. कुणी म्हणे मशीन शॉपवाल्यांनी नजर लावली. कुणी उद्धवरावांच्या डोळ्यांवर घसरलं की उद्धवराव कप आपटायचे, "मग बोट ठेवायला तुमी यायचं हुतं!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

एकोणऐंशीच्या वाटणीच्या आदल्या दिवशी मात्र जेवणाच्या सुट्टीत वाद भलताच पेटला. कारण उद्या पहिला मान पुन्हा फाउंड्रीचा होता, आणि तुकडीतला सगळ्यांत तयार गडी होता सयाजी, खुद्द हिंदुरावचा मेव्हणा. दापोडीला हिंदुरावच्याच खोलीत राहून शिकत होता. म्हणजे या खेपेला माल घरचाच. फाउंड्रीत आधीच दिवाळी सुरू झाली होती.

"पन मागचं एकदा मिटवून टाका," रंगराव म्हणाला. "सगळ्यांत वाया गेलेला गडी कोन? मी का हिंदुराव?"

मग टूम निघाली. फाउंड्रीचे जुने चौघे चढाईवाले नळापाशी उभे राहायचे, दम घ्यायचा आणि कबड्डी घुमवत सायकल स्टँडकडे चालत सुटायचं. ज्याचा दम आधी तुटेल तो सगळ्यांत मोठी चूक. कान देऊन सोबत चालायला साहेबराव. पोट सुटलेला, दिवसभर बिडी ओढणारा, जन्मात मैदानावर पाय न ठेवलेला माणूस. त्याला कुणाचीच बाजू नव्हती.

पहिला निघाला आणि भिंतीच्या कोपऱ्याशीच खोकत थांबला. पब्लिक खूश. दुसरा त्याच्या चार हात पुढे जाऊन गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. रंगराव तावातावानं निघाला, तोही तिथंच. हिंदुराव शेवटी. त्यानं छाती भरून घेतली, डोळे स्टँडवर लावले. कोपरा गेला, आणि पुढे छातीत कुणीतरी मूठ आवळावी तसं झालं. आवाज घशातच विरला. तो इतरांच्या दोन पावलं पुढे होता, एवढंच.

"अरारारा!" साहेबराव म्हणाला. "ह्याला चढाई म्हन्तात व्हय? बघा." आणि त्या ढेरपोट्यानं नुसती थट्टा म्हणून नळापासून 'कबड्डी कबड्डी' सुरू केलं, डुलत डुलत स्टँडला हात लावला आणि न थांबता परत आला. येताना वर एका हातानं विजारीची नाडी सावरत होता.

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. हिंदुराव हसला नाही. चौघे जुने गडी नळावर चूळ भरत होते, आणि चौघांच्याही तोंडातून काळपट थुंकी पडत होती. फाउंड्रीत सगळ्यांचीच पडायची. साच्यांची वाळू, भट्टीची राख, दिवसभर नाकातोंडात. त्याकडे कधी कुणी बघितलंच नव्हतं. हिंदुरावनं आज बघितलं. निवड कधी चुकलीच नव्हती. गडी सगळे अस्सल होते. फाउंड्री त्यांना खात होती.

"मुकादम," तो म्हणाला, "वाळूनं जातुया दम आपला. कुनाची चूक न्हाई. वाळूच हाय ही."

मग उद्धवराव म्हणाले, "मी वीस वर्सं हीच वाळू खातोय. माझं त्वांड बंद झालंय का?"

"ते कसं व्हईल!" कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा पिकला.

"हरलेल्या गड्याला कशाचंबी निमित्त पुरतं," उद्धवराव उठत म्हणाले. "सयाजीला सांग, उद्या नीट मांड्या चोळून ये."

संध्याकाळी हिंदुराव दापोडीला सायकलीवरून गेला तो वाटेत दोनदा उतरला. दम लागला म्हणून नव्हे. काय सांगायचं ते जुळेना म्हणून. घरी सयाजी उंबऱ्यात बसून पिंढऱ्यांना तेल लावत होता. तोंडभर हसू.

"दाजी, उद्यापास्नं तुमच्याच खात्यात."

"मशीन शॉप बरं हाय. तिकडं जा."

"ते का माझ्या हातात हाय? अन् असतं तरी न्हाई गेलो." पोरगं एकदम ताठ झालं. "धा वर्सं तुमाला हसत्यात ती मान्सं. मी कानानं ऐकतो. एकदा ढाल आनून त्यांच्या म्होरं आपटतो का न्हाई बघा."

"सयाजी, तिथली वाळू वंगाळ हाय. छाती जाती."

"तुमची कुठं गेलीया? चांगली सायकल हानत आलाय की!"

भट्टीवरची माणसं खोकतात हे सगळ्या पिंपरी-चिंचवडला ठाऊक होतं, पण नोकरी म्हणजे नोकरी. खोकतो म्हणून कुणी कंपनी सोडत नव्हतं, उलट पाव्हण्यारावळ्यांना चिकटवा म्हणून गळ घालत होतं.

सयाजी पाणी आणायला गेला तशी हिंदुरावची बायको रुक्मिणी चुलीपुढून बोलली, मागे वळून न बघता. "रातच्याला दम लागून तुमी उशीला टेकून बसून असता. तुमाला वाटतंय, मी झोपलीया."

हिंदुराव उभाच होता. कोपऱ्यातून दाराकडे, दारातून कोपऱ्याकडे.

"माझा एकुलता भाऊ हाय त्यो," ती म्हणाली. "आनखी एक मानूस असं बसून ऱ्हायलेलं मला बघवायचं न्हाई. कायबी करा."

कायबी म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनसमोर पोरं ओळीनं उभी राहिली. पाच मुकादम, बाजूला लेबर ऑफिसचे साहेब खुर्चीवर, आणि कामाच्या नावाखाली हात पुसत जमा झालेली निम्मी कंपनी. सयाजी ओळीत मधोमध, कडक इस्त्रीचा शर्ट, नजर सरळ दाजीवर. उद्धवराव पुढे झाले. त्यांनी हात उचलला. आणि मग, दहा वर्षांचे टोमणे आठवले म्हणून की काय, त्यांनी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हिंदुराव, घरात ठेवून बघितलायस. दमाला कसा हाय?"

हे नुसतं रीतीचं विचारणं होतं. पाव्हण्यानं पाव्हण्याचं कौतुक करायचं, लोकांनी टाळी द्यायची. सयाजी हसत होता. ते हसू बघून हिंदुरावला वाटलं, आत्ता जमीन फाटावी.

"दम न्हाई त्याच्यात," तो म्हणाला.

"काय?"

"दिसायला हाय समदं. पन मधीच चोरून श्वास घेतो. पंच कच्चा असला तर खपतंय. खरा दम न्हाई."

कबड्डी खेळणाऱ्याला चोर म्हणणं म्हणजे आईवरून शिवी देण्यासारखं. आणि तेही घरच्या माणसानं, भर कंपनीसमोर. म्हणूनच ते कुणाला खोटं वाटलं नाही. आपला कच्चा गडी पक्का म्हणून खपवणारे सगळ्यांनी बघितले होते. आपला पक्का गडी कच्चा म्हणणारा अजून कुणी बघितला नव्हता. सयाजीचा चेहरा आधी लाल झाला, मग पार उतरला. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

उद्धवराव गोंधळले. त्यांचा हात ओळीवरून फिरत शेवटच्या टोकाला गेला. तिथं मराठवाड्यातून आलेला नंदकिशोर नावाचा, सदाशिवसारखाच एक सडसडीत पोरगा उभा होता. आपल्याला कुणी घेणार नाही या हिशेबानं त्यानं ट्रंकसुद्धा बांधून ठेवली होती. उद्धवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मशीन शॉपच्या मुकादमानं लगेच सयाजीला उचललं. "चोर तर चोर," तो म्हणाला, "आमच्याकडं सदाशिव हाय शिकवायला."

सयाजीनं त्याच संध्याकाळी दापोडीतून वळकटी हलवली. रुक्मिणीनं भावाला अडवलं नाही. नवऱ्याला काही बोललीही नाही. फक्त ताट वाढताना त्याच्या पानात तूप जरा जास्त पडलं. हिंदुरावला ते गिळवेना. भाऊबीजेला सयाजी आला तो हिंदुराव कामावर असताना आला, ओवाळून घेतलं, चहासुद्धा न पिता गेला. वाटेत दोघांची गाठ पडली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. हिंदुराव मनाला सांगायचा, जाऊ दे, पलीकडं जाताना पोरगं पळत तर जातंय. पण मन काही ऐकायचं नाही. त्याच्या फेऱ्या वाढल्या. साच्यापाशी उभा असला तरी पाय जागेवर नसायचे.

आणि शेजारच्या साच्यावर नंदकिशोर होता. शिट्टी वाजवत वाळू चाळायचा. त्या बिचाऱ्याकडे हिंदुराव शक्यतो बघायचाच नाही.

सव्वीस जानेवारीला फायनल लागली ती फाउंड्री विरुद्ध मशीन शॉप. मैदानाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. नंदकिशोर पहिल्याच वर्षाचा, कोरी छाती. त्यानं अशा चढाया केल्या की उद्धवरावांनी डोक्यावरची टोपी तीनदा उडवली. शेवटची चढाई उरली तेव्हा फाउंड्री एका गुणानं पुढे होती आणि चढाईला आला सयाजी.

आत शिरताच त्यानं कोपऱ्यावरचा गडी शिवला. मागे फिरला असता तर बरोबरी. मशीन शॉपवाले ओरडत होते, "फीर! फीर माघारी!" पण सयाजी फिरला नाही. तो फाउंड्रीच्या अंगणात उभा राहिला, पुढे, आणखी पुढे, आणि घुमवत राहिला. स्पष्ट, मोठ्यानं, एकेक अक्षर तोडून. त्याची नजर गड्यांवर नव्हती. पाण्याच्या बादलीपाशी उभ्या असलेल्या हिंदुराववर होती. हिंदुरावला कळलं, पोरगं सामना खेळतच नाहीये. ते त्याला उत्तर देतंय.

"जा रं माघारी," हिंदुराव पुटपुटला. "जा की माज्या राजा."

चौघांनी झेप घातली. सयाजी खाली गेला, त्याच्यावर एक, दोन, तीन, चार जण. मैदान ओरडत होतं, आणि त्या ढिगाखालून 'कबड्डी कबड्डी' चालूच होतं. त्याला हलता येईना म्हणून पंचांनी शिट्टी दिली. शिट्टीनंतरसुद्धा ते थांबलं नव्हतं. पण ऐकायला कोण होतं? फाउंड्रीनं ढाल जिंकली होती.

"दम न्हाई! दम न्हाई!" फाउंड्रीवाले नाचत ओरडत होते. "हिंदुराव बोलला तेच खरं!"

त्यांनी नंदकिशोरला उचललं, आणि पाठोपाठ हिंदुरावला. दहा वर्षं ज्यांनी त्याला चूक म्हटलं त्यांच्याच खांद्यावर तो बसला, आणि उतरवा, उतरवा म्हणत राहिला. उद्धवरावांचे डोळे भरून आले होते. "सख्ख्या मेव्हण्याला सोडून हा हिरा मिळवून दिला गड्यानं. माझी नजर अधू झाली रं. हिथून म्होरं फाउंड्रीच्या वाटणीला बोट तू ठेवायचंस."

"मी खोटं बोललो हुतो, मुकादम!" हिंदुराव वरून ओरडला. "दम हुता त्याच्यात! मी खोटं बोललो!"

"ऐका! अजून चेष्टा करतोय!" आणि गुलाल उडाला.

खाली उतरल्यावर त्याला सयाजी दिसला. गुडघा फुटला होता, अंगभर माती. तो मुद्दाम हिंदुरावसमोरून गेला आणि थांबला.

"ऐकलंसा न्हवं, दाजी?"

"ऐकलं," हिंदुराव म्हणाला. "शिट्टीच्या म्होरंबी ऐकलं."

त्याला आणखी काही विचारायचं होतं, पण तेवढ्यात सदाशिवनं त्याच्या पाठीवर हात टाकला आणि तो निघून गेला. मोकळ्या छातीनं, भरभर. हिंदुराव तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. एवढं तरी झालं.

कॅन्टीनच्या मागे तो तोंड धुवायला गेला तर नंदकिशोर पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. वाकून पाया पडला. "आईनं पाठवल्यात, भाऊ. म्हणली, ज्यांच्यामुळं नोकरी लागली त्यांना आधी दे."

हिंदुरावनं त्याचे दोन्ही दंड धरले. "ऐक. आज तुझं नाव झालंय. मशीन शॉपवाले तुला अदलाबदलीत आनंदानं घेतील. आजच अर्ज टाक. ह्या खात्यात ऱ्हाऊ नगंस. माजं बघ, रंगरावचं बघ. दोन वर्सांत छाती जाती तुझी. मी माज्या मान्साला वाचवलं अन् त्याच्या जागी तुला घातलं, बाबा. कळतंय का तुला?"

नंदकिशोरनं पुड्याचा दोरा सोडला. त्याला धक्का बसला नव्हता, हे बघून हिंदुरावलाच धक्का बसला.

"काय बोलायलाव भाऊ," तो हळू म्हणाला. "कळतंय की. रोज तुमच्याच शेजारी असतो, तुमचं खोकणं ऐकतो. पण अर्ज टाकला अन् साहेबाच्या डोळ्यावर आलो, तर? मला त्या दिशी कुणीच घेणार नव्हतं." मग त्यानं अगदी सरळ, दुकानात भाव विचारावा तसं विचारलं, "तुम्हाला किती वर्षं झाली हितं?"

"धा."

नंदकिशोरनं मनाशी काहीतरी मोजलं आणि त्याचा चेहरा उजळला. "धा लई झाली, भाऊ. तेवढ्यात दोघी बहिणी उजवून होतील माझ्या."

त्यानं पुड्यातला एक पेढा हिंदुरावच्या तोंडात घातला. हिंदुराव तो तोंडात धरून उभा राहिला; गिळता येईना, थुंकता येईना. मैदानावर फाउंड्रीवाल्यांनी पुढच्या तुकडीतल्या पोरांची नावं घ्यायला सुरुवात केली होती, आणि बोट कुणावर ठेवायचं ते विचारायला उद्धवराव त्याला हाका मारत होते.